टोचनाचा दोर

दोर आहे, देतो. पण बसा आधी. तुमची गाडी काही पळून जाऊन राहिली नाही. पळाली असती तर पार्टीहून इथवर पायी कशाले आले असते? लाइट गेलीच आहे, कंदिलाजवळ सरका सगळे.

हा दोर नेणाऱ्याले मी एक गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाही. माझ्या दोस्ताची आहे, भैय्याजीची. नागपूरले इतवारीत भांड्यांचं दुकान होतं त्याचं. माणूस दिलदार, पण भारी घाईचा. चहा निवायची वाट पाहायचा नाही, रोज तोंड भाजून घ्यायचा.

चौऱ्याहत्तर साल. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, शनिवार होता. सावनेरच्या एका गिऱ्हाइकाकडे लग्नाचे हंडे पोचवायचे म्हणून भैय्याजी आपली जुनी अँबेसेडर घेऊन गेला. हंडे उतरवले. गिऱ्हाईक म्हणे, जेवल्याशिवाय जाऊ देत नाही. संत्र्याच्या बगीच्यात चूल पेटली, सावजी मटण झालं, गप्पा झाल्या. निघाला तेव्हा बारा वाजून गेले होते.

अर्ध्या रस्त्यात गाडी बंद. बॅटरीच बसली. दिवा नाही, हॉर्न नाही. हा रस्त्यात उभा राहून हात दाखवून राहिला अन् ट्रक भुर्रकन निघून चालले. एकानं गाडी हळू केली, याचं तोंड पाहिलं अन् निघून गेला. भैय्याजीनं रागानं चाकाले लाथ मारली, आपलाच अंगठा सुजवून घेतला. थंडी अशी की दातावर दात वाजून राहिले होते.

शेवटी एक कोळशाचा ट्रक थांबला. डायव्हरचं नाव बळीराम. भैय्याजीच्या डिक्कीत दोर होता, हाच. बळीरामनं तो दोन्ही गाड्यांले बांधला अन् म्हणाला, "टोचन करून नेतो भाऊ नागपूरपर्यंत. तुम्ही स्टेअरिंगवर बसा. पण दोराच्या मधात फडकं बांधा. माझं फडकं तर कोळशानं काळं आहे, अंधारात दिसत नाही. तुमचा मफलर द्या."

तुम्हाले माहीत आहे ना, काहून बांधतात ते? समोरचा ट्रक गेला की माणूस समजते, रस्ता मोकळा झाला. दोर त्याले दिसत नाही. फडकं हालते, ते दिसते.

मफलर पांढरा होता. चारुशीलावहिनीनं त्याच हिवाळ्यात विणून दिला होता नवऱ्याले. भैय्याजी म्हणाला, "एवढ्या थंडीत मफलर काढू काय मी? अन् एवढ्या रात्री मधात कोण मरायले येते? चाल तू."

बळीराम म्हणाला, "तुमची मर्जी." अन् निघाले.

पुढे रेल्वेचं फाटक होतं. रुळावर ट्रक हळू झाला, तसा दोर ढिला पडून जमिनीले लागला. फाटकापलीकडे, रस्त्याच्या कडेले, एक बाई उभी होती. काखेत गाठोडं. ट्रक जायची वाट पाहून राहिली होती. ट्रक गेला अन् ती रस्त्यात उतरली.

मागच्या गाडीले ना उजेड, ना आवाज. कशी दिसन तिले?

भैय्याजीले मात्र दिसली. ट्रकच्या लाल दिव्यात. ओरडायचं होतं त्याले. पण वाटलं, दिसन तिले. थांबन ती...

दोर ताणला.

गाडीले हिसका बसला. काहीतरी बाजूले पडलं.

पाय ब्रेकवर होता त्याचा. पण ब्रेक दाबला तर दोर तुटते. मंग पुन्हा तोच रस्ता, तीच थंडी, पुन्हा हात दाखवत उभं राहणं. एवढं सारं त्याच्या मनात आलं. इतका वेळ होता त्याच्यापाशी.

दाबला नाही.

बळीरामले काही समजलं नाही. ट्रक वेगात निघाला. थोडं पुढे गेल्यावर भैय्याजीनं पाहिलं...

दोराच्या मधात कोणीतरी होतं.

पाठमोरं. चालून राहिलं होतं. ट्रक पळत होता, तरी हळूहळू चालून राहिलं होतं.

मंग वाकलं.

हात हालले. गाठ मारताना हालतात तसे.

यानं डोळे मिटले नाही. मिटता येईना, स्टेअरिंग हातात होतं.

...

शहराचे दिवे लागले, तेव्हा मधात कोणी नव्हतं. बळीराम खाली उतरून दोर सोडायले आला. म्हणाला, "बरं केलं भाऊ, बांधलं फडकं."

दोराच्या मधोमध हिरवा खण होता. चोळीचा, कोरा. दोन गाठी मारलेल्या, घट्ट. भैय्याजीचा मफलर त्याच्या गळ्यातच होता.

पहाटेच्या एस्टीनं तो परत गेला. फाटकाजवळ लोक जमले होते. रंभाबाई नावाची सुईण होती. पलीकडच्या गावात बाळंतीण सोडवून घरी चालली होती. ज्याच्या घरी पोरगी झाली तो धोंडबा तिथंच बसून रडून राहिला होता. "म्या म्हटलं होतं तिले, सकाळी जाय वं मावशी. आयकलं नाही. ओटीत नारळ अन् खण घातला होता आम्ही. नारळ इथंच आहे. खण नाही सापडून राहिला."

कोणीतरी म्हणालं, उजाडेपर्यंत जीव होता तिच्यात. पाणी मागत होती.

खण कुठे आहे, ते भैय्याजीले माहीत होतं. तोंड उघडावं म्हणून तर तो गेला होता. पण नाही उघडलं. एस्टी आली, बसला, घरी आला. त्यानंतर त्यानं गाडी विकली, अन् मफलर भर थंडीतही कधी घातला नाही. वहिनीले वाटायचं, आपलं काय चुकलं? शेवटच्या दुखण्यात दोर माझ्या हवाली केला, खण तसाच बांधलेला, अन् सारं सांगितलं. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. "ब्रेकवर पाय होता गा माझा."

तो गेल्यावर मी त्या गाठी सोडवल्या. हातानं सुटेनात, दातानं सोडवल्या. त्याची राख कन्हान नदीत सोडली, त्यासोबत तो खणही सोडला. वाहून जाताना या डोळ्यांनी पाहिला. दोर घरी आणून त्या खुंटीवर टांगला.

आता काढा तो. सांभाळून. कंदील जवळ धर गा.

रुमाल राहू दे तुझा खिशात, बांधायचं काम नाही. मधात पाहा.