आडवं होऊन जाता येईल अशी गाडी

वेणीमाधवबुवांना गाडीतलं ओ की ठो कळत नसे. चाळीस वर्षं ते काशीतल्या मंगला गौरीच्या गल्लीतून कीर्तनाला निघाले ते सायकलरिक्षानं, पायाशी झांजांची पिशवी घेऊन. पण पौषात त्यांच्या पत्नी कस्तुरीबाई घाटाच्या पायरीवरून पडल्या, मणका दुखावला. डॉक्टरांनी बजावलं होतं: सहा महिने आठवड्यातून दोनदा गावाच्या दुसऱ्या टोकाला, लंका भागातल्या इस्पितळात आणायचं, तेही आडवं निजवून. एक खेप चुकवायची नाही. मग चालतील.

अँब्युलन्सचं नाव काढताच बाई कडाडल्या, "त्या किंकाळ्या फोडणाऱ्या गाडीत मी नाही बसायची! मला आरतीला उभं राहायचंय हो, मसणात नाही जायचं."

म्हणून फाल्गुनातल्या एका सकाळी बुवा आणि त्यांचा पुतण्या निमिष लहरताऱ्याला जुन्या गाड्यांच्या आवारात उभे होते. निमिष रेल्वेच्या कारखान्यात डिझेल इंजिनं उघडणारा माणूस. देवाला नमस्कारसुद्धा वेळ पाहून करणारा.

"काका, स्टेशन वॅगनच हवी. मागची सीट पाडली की सपाट होते. अशा गाड्या आता कोणी घेत नाही, म्हणून दोनच मिळाल्यात."

दोन्ही डिझेलच्या, दोन्ही सतराएक वर्षांच्या. राखाडी दोन लाख किलोमीटर पळालेली. सुरू होताना खोकायची, काळा धूर सोडायची, तिचं मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे. गालिच्यात कुठल्याशा कुत्र्याचे केस रुतलेले. पांढरी मात्र एकाच माणसानं वापरलेली, चावी फिरवताच गुणगुणायला लागणारी. मागचा गालिचा कोरा करकरीत.

"गुरुजी, सफेद वाली ले जाइए," आवाराचा मालक दिनानाथ म्हणाला. "मक्खन है."

"इतनी अच्छी है, तो बेची क्यों?"

दिनानाथनं पानाची पिंक टाकायला तोंड फिरवलं, ते बराच वेळ तिकडेच ठेवलं. "अब गाड़ी रह जाती है गुरुजी, आदमी थोड़े ही रहता है."

बुवांची आणि बाईंची उंची सारखी. बुवा उपरणं सावरत राखाडी गाडीत मागे चढले आणि सरळ आडवे झाले.

"काका, हे काय?" निमिष हसला.

"कीर्तनाआधी मी शेवटच्या रांगेत जाऊन बसतो. तिथून कसं ऐकू येतं, ते कळल्याशिवाय उभा राहत नाही. चल, मंडुवाडीहच्या चौकापर्यंत फिरवून आण."

खालून काशी निराळीच दिसत होती. तारा, पाट्या, माकडं, लोकांचे कमरेवरचे भाग. गाडी हादरत होती, पण कुशीवर वळायला जागा होती. एका सज्ज्यात दात घासणाऱ्या माणसानं गाडीकडे पाहिलं आणि फेस थुंकला. बुवा समाधानानं परतले.

मग पांढरी. हादरा नाही, आवाज नाही. बुवांना इतकं बरं वाटलं की ते नामघोष गुणगुणू लागले.

सज्ज्यातला माणूस अजून तिथेच होता. गाडी जवळ येताच त्यानं ब्रश तोंडातून काढला आणि हात जोडले.

काशीत हे कुणी शिकवावं लागत नाही. तिरडी जाताना दिसली की हात आपसूक जुळतात. मनाला मागाहून कळतं. पुढे कुणाची यात्रा चालली असेल, बुवांना वाटलं. ते "राम नाम सत्य है" ऐकायला कान देऊन राहिले.

काही ऐकू आलं नाही.

उसाचा रसवाला. शिडीवरचा वायरमन. गाडी समोर आली की हात वर, गाडी गेली की खाली.

"निमिष, पुढे प्रेतयात्रा आहे का रे?"

"छे! रस्ता मोकळाय काका. इतका मोकळा कधीच नसतो."

बुवांनी बाजूची लोखंडी पट्टी घट्ट धरली. बोटाला काहीतरी भुरभुरीत लागलं. त्यांनी हात नाकाशी नेला. बुक्का. काशीत तो मिळत नाही, ते पुण्याहून मागवीत. कीर्तनात बोटाला बुक्का लागला की बोट कपाळाकडे जातं; चाळीस वर्षांचं वळण. विचार येण्याआधीच टिळा लावून झाला होता.

आवारात निमिषनं पट्टी पुसून पाहिली. "ग्राफाइट असेल. इंजिन मात्र झकास आहे."

"राखाडी घे."

"अहो काका, हिचा क्लच..."

"राखाडी."

घरी कस्तुरीबाई खिडकीशी पडून वाट पाहत होत्या. बुवांना पाहताच त्यांचा चेहरा फुलला.

"कपाळावर बुक्का! गाडी बघायला गेलात आणि कुठे कीर्तनाला उभे राहिलात? आणि माझा कुठाय?"

इतक्या वर्षांत बुवा त्यांच्यासाठी बुक्का आणायला एकदाही विसरले नव्हते. आताही बोटावर काळं शिल्लक होतं. हात पुढे झाला. भुवयांच्या मधोमध. बाईंनी सुखानं डोळे मिटले.

बुवा किती तरी वेळ आपल्या बोटाकडे पाहत उभे होते.

संध्येच्या वेळी त्यांचा टिळा पहिल्याच ओंजळीत गेला. बाईंचा त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला. गुरुवारी निघताना पुन्हा पुसला.

गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून खुर्चीतून मैदागिनच्या चौकापर्यंत आणून बाईंना राखाडी गाडीत निजवलं. "ऐसपैस आहे हो," त्या म्हणाल्या. दार दोनदा आपटलं. इंजिन खोकलं. बुवांना त्या खोकण्याचा केवढा आधार वाटला!

कबीरचौरा गेलं. लहुराबीर गेलं. एकही हॉर्न वाजला नाही.

"काका, नशीब बघा," निमिष म्हणाला. "रिक्षावालेसुद्धा बाजूला होतायत."

मागून बाईंचा आवाज आला, कौतुकानं भरलेला.

"अहो, तुम्हाला केवढा मान आहे या गावात! सगळे हात जोडतायत."

बुवांनी बाहेर पाहिलं नाही. आरशात पाहिलं. बाईंच्या भुवयांमध्ये टिळा काळाभोर होता.

त्यांनी आरसा फिरवायला हात उचलू पाहिला. हात उचलेना. त्यांनी खाली पाहिलं.

छातीशी त्यांचे दोन्ही हात जुळलेले होते.