एक ते दीड

कंदील जरा इकडे धरा. मेन स्विच बंद केलाय, तेव्हा उजेड एवढाच. तुमच्या या मागच्या खोलीला खिडकीच नाही, भर दुपारी रात्र करून ठेवलीत! पंखा होईल हो. तोवर एक गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर सोडून द्या.

गेल्या वर्षी एका लाँड्रीच्या मुकादमाने मला बोलावणं धाडलं. हॉस्पिटलच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. तिथला वाफेवरचा इस्त्रीचा रोलर रोज एकच्या ठोक्याला बंद पडायचा आणि दीड वाजता आपोआप सुरू व्हायचा. दोन महिने हेच चाललेलं.

"जेवायची सुट्टी घेत असेल," मी म्हणालो.

मुकादम हसला नाही. "आज दुरुस्त झालाच पाहिजे," एवढंच म्हणाला.

आता पंचाईत अशी, की त्याच रोलरवर माझी धाकटी बहीण कामाला. चौदा-चौदा तास उभी. भिंतीवर कायद्याची पाटी होती: सलग पाच तास काम झालं की अर्धा तास विश्रांती, नऊ तासांवर जादा काम फक्त राजीखुशीने. वाचतो कोण? आदल्या आठवड्यात उभ्या उभ्या तिचा डोळा लागला आणि बाही रोलरमध्ये गेली. हात थोडक्यात वाचला. मला आत येताना पाहून ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, हा रोलर तेवढा अर्धा तास थांबतो म्हणून मी टिकलेय रे. नको दुरुस्त करूस."

मी सगळं उघडून पाहिलं. वायर, फ्यूज, मोटर... कुठे काही खोट नाही. तेवढ्यात एक वाजत आला.

त्या लाँड्रीत एक रीत होती. एक वाजला की मुकादम सगळ्यांच्या हजेरीच्या कार्डांचा गठ्ठा उचलायचा आणि भिंतीवरच्या घड्याळात एकेक घालून विश्रांतीचा शिक्का मारायचा. दीड वाजता परत आल्याचा शिक्काही तोच मारायचा. कागदावर सगळ्या बायका आराम करायच्या, आणि प्रत्यक्षात, रोलर बंद पडायला लागेपर्यंत, कुणी जागचं हलायचं नाही.

खट्. खट्. खट्... शेवटचा शिक्का बसला आणि रोलर थांबला. वाफेचा आवाज विरत गेला. मग ओलं कापड करपल्याचा वास आला. रोलरवर तर एकही चादर नव्हती.

बायका भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसल्या, पण टोकाची जागा सोडून. मी तिथे टेकायला गेलो तर बहिणीने हात धरला.

"तिथे नको, दादा... ती मावशीची जागा आहे."

मावशी म्हणजे तिथली सगळ्यांत जुनी बाई. दोन महिन्यांपूर्वी, कामाच्या अठराव्या तासाला, याच रोलरसमोर कोसळली ती उठलीच नाही.

टोकाची जागा कुरकुरली. कुणी अंग टेकलं की कुरकुरते तशी.

मी बायका मोजल्या. नऊ. शिक्के मात्र मी दहा ऐकले होते. गठ्ठा घेऊन चाळला, तर तळाशी मावशीचं कार्ड! ती गेल्यापासून रोज, न चुकता, एक ते दीड विश्रांती. मुकादम कधी नावं वाचतच नव्हता.

"जिवंत होती तेव्हा पाच मिनिटं बसू दिलं नाहीत, मुकादम," मी म्हणालो, "आणि आता रोज सुट्टी देताय. ती घेतेय बिचारी."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हे फाडलं की... चालेल मशीन?"

मला समोर बहिणीचे लाल, सुजलेले डोळे दिसत होते. "चालेल की. पण मग ती बसेल कुठे? ...तुमच्या शेजारी?"

बाक पुन्हा कुरकुरला. कुणीतरी उठलं होतं. तो करपट वास हळूहळू मुकादमाच्या दिशेने सरकला. त्याने कार्ड पुन्हा गठ्ठ्यात ठेवलं.

"आजपासून... ज्याचं कार्ड त्यानेच मारायचं. एक वाजता बाहेर जाऊन बसायचं. नऊ तास झाले की घरी."

पाटी इतकी वर्षं हेच सांगत होती. पण म्हणतात ना, सोनारानेच कान टोचावे लागतात!

त्या दिवशी दीड वाजता मावशीचं कार्ड मारायला कुणी पुढे झालं नाही. विश्रांतीला गेली, ती गेलीच. पुढे रोलर कधी आपणहून बंद पडला नाही. एक वाजला की बायकाच तो बंद करतात. बहीण आता दिवसाउजेडी घरी येते आणि माझ्याशी कडाकडा भांडते. इतकं बरं वाटतं म्हणून सांगू!

गेल्या महिन्यात त्याच रोलरला तेल द्यायला गेलो होतो. बायका बाहेर बसलेल्या. मी घाईत जेवण टाळलं, आणि इतकी वर्षं हेच काम करूनही मेन स्विच बंद करायला विसरलो. हात आत असताना कोपर चालू करायच्या बटणावर दाबलं गेलं... रोलर हलला नाही. वळून पाहिलं तर मेन खाली ओढलेला. आत कुणीच नाही. आणि हजेरीच्या फळीत मावशीच्या कार्डाशेजारी एक नवं कार्ड, माझ्या नावाचं. त्यावर एकच शिक्का. एक वाजता, विश्रांती.

मी बाहेरचा माणूस हो. माझं कार्ड तिथे कधीच नव्हतं.

किती वाजले? एक? मग पंखा आता दीडनंतर. तुम्हीही टेका जरा... नको, त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर नको. आत्ता कुरकुरलं ते.