मोहाखालच्या आगी

सकाळपासून वीस वेळा जंगल पेटलं आणि वीसही वेळा खबर टेहळणीच्या मनोऱ्यावर पोचली. तरी मैनाला चैन पडत नव्हतं.

जंगल अर्थात संगणकातलं. मैनाचे आजोबा, आबाजी मडावी, चाळीस वर्षं शहरात शास्त्रज्ञ होते. गावी परतून त्यांनी झाडांवर चारशे संवेदक (धूर आणि उष्णता ओळखणारी छोटी यंत्रं) बसवले होते. एक संवेदक शेजारच्याला निरोप देई, तो पुढच्याला. असं करत खबर मनोऱ्यावर गेली की भोंगा वाजे. उद्या हे जाळं सुरू होणार होतं.

"आबाजी, एकदा खरीच आग लावून पाहू ना!"

"आणि जंगल जळालं तर? म्हणून तर हा सिम्युलेटर (खऱ्या व्यवस्थेची हुबेहूब नक्कल चालवणारा प्रोग्रॅम) बनवला. यात प्रत्येक संवेदक आहे, त्याची बॅटरी आहे, वारासुद्धा आहे. काय चुकायचं ते इथेच चुकू दे."

मैना येरझारा घालत राहिली. उद्या माय मोहफुलं वेचायला टेकडीपलीकडे जाणार होती. वणवा लागला, तर भोंगा वाजला तरच तिला पळायला वेळ मिळणार होता.

ती एकदम थांबली.

"आबाजी, तुमच्या जंगलात एका टायमाले एकच आग कशी लागते? फुलं दिसावे म्हनून मोहाखालचा पाला जाळतात ना सारे! माय बी जाळते. सकाळी पन्नास जागी धूर असते."

आबाजींचा चेहरा पडला. "लहानपणी मीही जाळायचो. कसा विसरलो गं मी?"

त्यांनी पडद्यावर पन्नास छोट्या आगी लावल्या आणि टेकडीपलीकडे एक मोठी. सगळे संवेदक एकदम बोलू लागले. निरोप एकमेकांवर आदळून वाटेतच विरले. भोंगा गप्पच.

"वर्गात सगळे एकदम ओरडले, तर बाईंना कुणाचं ऐकू येतं?" आबाजी म्हणाले. "आता प्रत्येक संवेदक आधी कान देईल. दुसरा बोलत असला, तर थोडा थांबेल."

पुन्हा वीस वेळा जंगल पेटवलं. खबर तेराच वेळा पोचली.

"मोठ्या आगीले पयले बोलू द्या ना!" मैना जवळजवळ ओरडलीच.

आबाजींनी तसा बदल केला. या खेपेला वीसपैकी वीस. रात्रीच हे बदल झाडांवरच्या संवेदकांतही गेले.

सकाळी माय टोपली घेऊन निघाली. मैना तिला दारापर्यंत सोडून परत आली, पण बसली नाही.

"आबाजी, मध काढनारे बी धूर करतात, तो तुमच्या जंगलात नाई. त्याईले इचारून येऊ?"

आबाजींनी आधीच चपला घातल्या होत्या.