कड्यावरचा काळा पडदा

वारज्याहून जीप निघाली तेव्हा आम्रपालीच्या मांडीवर विटेएवढं एक डिस्प्ले युनिट होतं, आणि ते ती कुणालाही धरायला देत नव्हती.

मुळशीपलीकडच्या गिधाडकड्याला उभी भेग पडली होती. ती रुंदावते आहे का, हे टिपणारं यंत्र कड्याच्या मध्यावरच्या फळीवर, म्हणजे दोघं जेमतेम उभे राहतील अशा दगडी सपाटीवर, गेल्या वर्षी बसवलं होतं. आकडे साठवायचं काम ते इमानाने करत होतं. पण हिवाळ्यापासून पुण्याला संदेश येणं बंद झालं. यंत्राला स्वतःचा पडदा नव्हता. कुणीतरी दोरावरून उतरून, युनिटची केबल जोडून सगळी नोंद उतरवून घ्यायला हवी होती. कड्याच्या पायथ्याशी वाडी होती. भेग वाढत असेल तर पावसाआधी ती वाडी हलवायची होती!

मोहिमेचे प्रमुख विश्वजीत सर. त्यांनीच यंत्र बसवलं होतं आणि भेग स्थिर असल्याचं वर्षभर सगळ्यांना सांगितलं होतं. आम्रपाली त्यांच्या हाताखालची भूशास्त्रज्ञ. तिसरा साईनाथ, लोणी काळभोरचा गिर्यारोहक. दोर त्याच्या हवाली होते.

एप्रिलचं ऊन सकाळीच अंगावर आलं. वाळलेल्या कारवीतून चढताना हातांवर ओरखडे उठत होते, सुट्या खडीच्या घसाऱ्यावर पाय ठरत नव्हता, आणि वाटेतलं पाण्याचं टाकं गाठलं तर तळाशी नुसता हिरवा चिखल! आता परत फिरून उद्या पहाटे यावं, असं साईनाथनं सुचवलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"ऊन काय आज नवीन पडलंय का?" ते म्हणाले.

माथ्यावरच्या झाडाला दोर बांधून आम्रपाली आणि साईनाथ खाली फळीवर उतरले; सर माथ्यावरच थांबले. साईनाथनं दुसरा दोर फळीवरून थेट वाडीच्या दिशेनं सोडून ठेवला. वर जाता आलं नाही तर, एवढंच तो म्हणाला. डाव्या अंगाला, छज्ज्यासारख्या बाहेर आलेल्या दगडाखाली आग्यामोहोळ लोंबत होतं. दोघंही त्यापासून जमेल तितके उजवीकडे सरकले.

आम्रपालीनं केबल जोडली, बटण दाबलं. पडदा उजळला आणि बघता बघता काळा पडला! उन्हानं तो पार तापला होता. मेनूत नोंद उतरवून घेण्याच्या ओळीखालीच नोंद पुसण्याची ओळ होती. आंधळेपणानं बटण दाबलं तर वर्षभराचं सगळं जाणार होतं.

तिनं साईनाथकडे पाहिलं. बाटलीत तळाशीच पाणी उरलं होतं. दोघांचे ओठ फुटले होते. त्यानं बाटली पुढे केली. तिनं ओढणी भिजवली, युनिट तिच्यात गुंडाळून स्वतःच्या सावलीत धरलं आणि वाट पाहिली. हळूहळू काळं विरलं, अक्षरं दिसू लागली. तिनं योग्य ओळ निवडली. नोंद उतरू लागली. वरच्या कोपऱ्यात भेगेची आत्ताची रुंदी दिसत होती.

तो आकडा बदलला.

तिला वाटलं, आपला भास. तेवढ्यात पुन्हा बदलला! कड्याच्या पोटातून खरवडल्यासारखा आवाज आला. वरून दगड सुटला. छज्ज्यावर आदळला. मोहोळ फुटलं!

काळा ढग अंगावर आला. मानेवर, पापण्यांवर, कानांत! साईनाथनं तिला कड्याशी दाबलं आणि स्वतःची पाठ मोकळी ठेवली. तो ओरडला नाही. नुसता कण्हत राहिला. पडद्यावरची पट्टी अर्धीसुद्धा भरली नव्हती.

"केबल काढू नका!" वरून सरांचा आवाज आला. "सोसा थोडं. पुन्हा कोण पाठवतंय तिथं?"

आम्रपालीनं सोसलं. किती वेळ, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. आकडा चढतच होता. साईनाथच्या उजव्या डोळ्यात नांगी रुतली आणि त्याचे गुडघे वाकले. तिनं वर हाक मारली, दोर ओढायला सांगितलं. उत्तर आलं नाही. माश्या माथ्यावर पोचल्या होत्या आणि सर पळाले होते.

तिनं केबल उपटली! युनिट हातातून सुटलं, कड्यावर आपटत खाली गेलं. त्याच्यामागे तिनं पाहिलंही नाही. साईनाथला स्वतःच्या पट्ट्याला अडकवून ती खालच्या दोरावर उतरली. तळवे सोलले. दोर रक्तानं निसरडा झाला. तरी ती थांबली नाही.

वाडीत पोचताच ती घसा फाडून ओरडत सुटली. तिचा सुजलेला चेहरा पाहून माणसं पटकन हलली. लेकरं, म्हातारी, सुटतील ती गुरं, सगळे ओढ्यापलीकडे धावले. मागे कडा फुटला. आवाज असा, की बराच वेळ कुणालाच काही ऐकू येईना. धूळ बसली तेव्हा वाडीचा वरचा अर्धा भाग दगडांखाली होता. मथुराबाईचा नवरा भैरू दावणीचे बैल सोडायला मागे फिरला होता. तो दगडांखालीच राहिला.

संध्याकाळच्या आत सर लंगडत तिथं आले. त्यांचाही चेहरा सुजला होता. त्यांनी सगळ्यांत आधी नोंद उतरली का ते विचारलं. आम्रपालीनं नकारार्थी मान हलवली.

मथुराबाई दगडांच्या ढिगाकडे तोंड करून बसली होती. ती वळली.

"वरीसभर त्यो डबा लिवत व्हता म्हनं," ती म्हणाली. "वाचाया आज आलासा व्हय?"

आम्रपाली साईनाथकडे वळली. त्याला बांबूच्या झोळीत घालून न्यायचं होतं. त्याचा श्वास घरघरत होता, आणि डांबरी रस्ता डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होता. वाडीतल्या दोघांनी बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. आम्रपालीनं सोललेले तळवे ओढणीच्या चिंध्यांनी बांधले आणि मागच्या टोकाखाली खांदा दिला.

साईनाथ जगला. त्याचा उजवा डोळा गेला.