प्रत्येक खोक्यात दोन जास्त

"चोरी झाली असती तर मी पोलिसांकडे गेलो नसतो का? माझ्या कोठीतलं सामान वाढलंय! वाढलंय! डोक्यात शिरतंय का तुमच्या?"

"शिरतंय," सुई म्हणाला. "ओरडल्याने जास्त शिरत नाही."

हवालदारांनी हळूच भिंतीचा आधार घेतला. पॅसेज एवढा अरुंद होता, की भांडणाऱ्या चार माणसांत पाचव्याने श्वास घ्यायचा म्हणजे पाळी लावावी लागेल. ते पोलिसातून रिटायर झाले, त्यालाही आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून ते सुईबरोबर फिरत होते. सुई म्हणजे खाजगी तपास करणारा, काडीसारखा बारीक, आणि बोलला की टोचणारा. खरं नाव त्याचं त्यालाच आठवत असेल तर असेल.

ओरडणारा होता घराचा मालक. मोठ्या गोडाऊनचा सुपरवायझर. मोजणं हा त्याचा धंदा आणि आता मोजणं हाच त्याचा आजार. गेले दोन महिने बातम्यांत रोज काहीतरी नवीन बंद होणार होतं. आज वीज, उद्या पेट्रोल, परवा सगळंच. गल्लीतल्या प्रत्येक घरात पोत्यांवर पोती चढली होती. ह्याने तर स्वयंपाकघरामागच्या खोलीला लोखंडी दार लावलं आणि चावी गळ्यात घातली.

"आज सकाळी महिन्याची मोजणी केली," तो म्हणाला. "अठ्ठावीस खोकी. प्रत्येकात दोन पाकिटं जास्त. एक ओट्सचं, एक सूपचं. मी आणलेली नाहीत. कुणीतरी विष घालून ठेवलीयत. आणि कुणी ते मला माहितीये."

"दाजी, पुरे झालं हां!" त्याचा मेव्हणा उसळला. गाडीवर ड्रायव्हर होता, कंपनी बंद पडली म्हणून तीन महिने बहिणीकडे राहत होता. घरात सगळे त्याला मामाच म्हणत. "मी विष घालीन? मलाही तेच गिळायचंय ना!"

"तू आधीच पळशील, फुकट्या. चारला टेम्पो येतोय. सगळा माल डम्पिंगवर, आणि तू तुझ्या बॅगेसकट रस्त्यावर."

"अहो, माझा भाऊ आहे तो!" सुपरवायझरची बायको म्हणाली. हातात शिवणाची कात्री तशीच होती. "बाजारात आता मीठसुद्धा मिळत नाहीये आणि तुम्ही तीन महिन्यांचं खाणं फेकायला निघालात?"

"म्हणून तर ह्यांना बोलावलं. चारपर्यंत सांगा, कोण आहे ते. नाहीतर टेम्पो."

सुईने घड्याळ पाहिलं. अडीच.

"कोठी उघडा," तो म्हणाला.

कोठी म्हणजे बघण्यासारखी होती. रॅक सरळ रेषेत, पाण्याचे कॅन तोंडं एकाच बाजूला करून लावलेले. दाराच्या आतल्या बाजूला जाड मार्करने लिहिलेला कागद: चार माणसं, नव्वद दिवस. खाली तांदूळ, तेल, काड्यापेट्या, सगळ्याचा गुणाकार.

"घरात माणसं पाच ना?" हवालदार पुटपुटले. सुपरवायझर, बायको, मुलगी, मामा, आणि आतल्या खोलीत सुपरवायझरची आई. बोटं मोजून झाली आणि त्यांचे डोळे चमकले. "सुईराव, मामाला धरलंच नाही! म्हणून त्याने स्वतःचा माल आत सरकवला!"

"शाबास," सुई म्हणाला. तो शाबास म्हणाला की काहीतरी चुकलेलं असायचं, एवढं हवालदारांना सहा वर्षांत कळलं होतं.

खालच्या फळीवर प्लॅस्टिकचे चार डबे होते. "ज्याचे त्याचे," सुपरवायझर म्हणाला. हवालदारांनी उघडले. पहिल्यात टूथब्रश, दाढीचा रेझर, जाड चष्मा. दुसऱ्यात टूथब्रश, दाढीचा रेझर, सिगारेटचा लायटर. तिसरा आणि चौथा उघडला आणि गडबडीने बंद केला. बायकांच्या अडचणीच्या दिवसांचं सामान होतं. त्यांचे कान तापले.

"लाजताय काय? नीट बघा," सुई म्हणाला.

"बघितलं की!"

सुईने मग एक खोकं ओढलं. "खोकी आत कशी येतात?"

"रोज एक. गोडाऊनवरून येताना सुट्टा माल घेतो, इथे पॅसेजमध्ये खोक्यात भरतो, मोजतो. मग चिकटपट्टी. सात खोकी साठली की रविवारी आत. मी उचलतो, मी ठेवतो. चावी आंघोळीतसुद्धा गळ्यात असते."

"यादी कधी लावली?"

"आज चार आठवडे झाले. त्याच दिवशी पहिलं खोकं भरलं."

सुईने चिकटपट्टीच्या टोकाला हात लावला. टोक आतल्या बाजूला जरासं दुमडलेलं होतं, म्हणजे ओढलं की पटकन निघेल असं. सगळ्या खोक्यांना तसंच. मग त्याने जास्तीची दोन पाकिटं काढली आणि उजेडात धरली. "हवालदार, ह्यावरचा बॅच नंबर लिहून घ्या. खोक्यातल्या बाकीच्या मालाची तारीख नवी आहे. ह्या दोन्हींची जुनी."

"विष जुनं असणार," हवालदारांनी मान डोलावली.

चौकशीला आधी सुपरवायझरची बायको. ती शिलाई मशीनवर बसून बोलली, पाय थांबले नाहीत.

"मी काय सांगू? माझ्या स्वयंपाकघरातलं काही कमी नाही, काही जास्त नाही. आमचं चौघांचं जेवण मी करते. आईंना दात नाहीत, त्या दोन्ही वेळेला खोलीत बसून ओट्स नाहीतर सूप घेतात. दोन महिन्यांपूर्वी दोन्हींच्या पाकिटांचा मोठा पुडा आणलाय त्यांच्यासाठी. रोज दोन पाकिटं जातात. बरोबर जातात."

"तुमच्यासमोर खात नाहीत?"

"वेळ लागतो ना त्यांना, लाज वाटते. सकाळ-संध्याकाळ चहा-टोस्ट तेवढा आमच्याबरोबर." ती थांबली. "माझ्या भावाला वाचवा हो. गरीब आहे."

सुईने स्वयंपाकघरातल्या फळीवरचा तो पुडा काढला आणि हवालदारांच्या वहीशेजारी धरला. नंबर तोच. हवालदारांनी भुवया वर केल्या. म्हणजे बायको? पण ती तर एवढी साधी!

मामा गच्चीच्या जिन्यात सिगारेट ओढत बसला होता.

"विचारा, विचारा. माझ्याकडे पैसा नाही, गाडी नाही, इज्जत तर तीन महिन्यांपूर्वीच गेली. मी कशाला पाकिटं आणून भरू? असती तर रात्री चघळली असती."

"यादीत तू नाहीस," हवालदार म्हणाले.

"मी नाही? दाजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कॅन उचलायला माणूस लागेल म्हणून तुला धरलंय. बैल म्हणून धरलंय मला, पण धरलंय!"

मुलगी सोळा वर्षांची. इअरफोनचं एकच भोंगं काढलं तिने, तेही उपकार केल्यासारखं.

"बाबा वेडे झालेत. झालं? मीटिंग घेतली होती त्यांनी, ऑफिससारखी. कुणाला काय-काय लागेल ते सांगा. मी शांपू सांगितला तर अर्धा तास बोलणी बसली."

"सगळ्यांना विचारलं?"

"एकेकाला. वहीत लिहीत होते. आजीला विचारलं तर ती नेहमीसारखं, मला मेलीला काय लागतंय, मला काही नको." तिने भोंगं परत कानात घातलं, मग पुन्हा काढलं. "मामाला खरंच काढणार?"

"चारपर्यंत नाही," सुई म्हणाला.

आजीची खोली म्हणजे पलंग, खुर्ची आणि एक खिडकी. म्हातारी ताठ बसली होती. मनगटावर पुरुषी घड्याळ. त्याच्या चामडी पट्ट्याला शेवटच्या भोकापलीकडे कशाने तरी टोचून एक वाकडंतिकडं भोक पाडलेलं, तरी तिने हात वर केला की घड्याळ कोपरापर्यंत घरंगळायचं.

"बसा बाबांनो. माझ्या लेकाने त्रास दिला ना तुम्हाला?"

"आजी, तुम्ही काय करायचात पूर्वी?"

"बिस्किटांच्या कारखान्यात. पॅकिंगला. तीस वर्षं." ती हसली, हिरड्या दिसल्या. "आमच्या टेबलावरचं खोकं कधी परत आलं नाही."

कोपऱ्यात विजेची किटली होती, तिची वायर नीट गुंडाळून रबर लावलेली. शेजारी औषधाचं खोकं, त्यावर चिकटपट्टी. टोक आत दुमडलेलं. हवालदारांना खोली फार टापटीप वाटली. त्यांच्या घरी कुठलीच वायर कधी सरळ नसायची.

"आजी, दुपारचं झालं?" सुईने विचारलं.

"झालं की. आत्ताच. ओट्स."

सुई किटलीकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा झाला, की तसा हवालदारांनी सहा वर्षांत पाहिला नव्हता. रागाने पांढरा.

"सगळ्यांना इथे बोलवा," तो म्हणाला. "आत्ता."

सगळे आले. मुलगी दारात, मामा तिच्या मागे, बायको पलंगाच्या कडेला. सुपरवायझर मधोमध उभा, हात कमरेवर.

"पाकिटांत विष नाही," सुई म्हणाला. "सीलबंद आहेत, आणि बॅच नंबर तुमच्याच स्वयंपाकघरातल्या पुड्याचा आहे. बाहेरून ह्या घरात काहीच आलेलं नाही. माल इथलाच, फक्त जागा बदलली."

"म्हणजे हिने?" सुपरवायझर बायकोकडे वळला.

"थांबा. कोठीचं दार कुणी उघडलं ते शोधत बसलात म्हणून फसलात. दार कुणी उघडलंच नाही. जास्तीची पाकिटं तुम्ही स्वतः खांद्यावरून आत नेलीत, अठ्ठावीस खेपांत. तुम्ही म्हणालात मी भरतो, मी मोजतो, मी उचलतो. मध्ये एक काम तुम्ही सांगितलंच नाही. चिकटपट्टी कोण लावतं?"

सुपरवायझरचं तोंड उघडलं. बोलली मुलगी. "आजी लावते. रोज."

"कारण तिच्या हाताला सवय आहे. टोक दुमडून लावते, त्या औषधाच्या खोक्यासारखं. तुमची मोजणी झाली, की चिकटपट्टीच्या आधी दोन पाकिटं आत. एक दिवस, एक खोकं, दोन पाकिटं."

हवालदार बोटं मोजायला लागले. रोज दोन. सुपरवायझरची बायको काय म्हणाली होती? रोज दोन पाकिटं जातात. बरोबर जातात.

"पण मग ती खाते काय?" ते मोठ्यानेच म्हणाले.

सुईने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"ह्या किटलीच्या वायरला रबर लावलेलं आहे," सुई म्हणाला. "आजी म्हणतात आत्ताच ओट्स खाल्ले. पाणी कशात तापवलं? त्यांच्या घड्याळाचा पट्टा बघा. कंपनीची भोकं संपली म्हणून घरी एक पाडलंय. अठ्ठावीस दिवस ही बाई दोन वेळच्या चहा-टोस्टवर आहे. आणि तुम्ही खोकी मोजताय!"

"आई!" बायकोने म्हातारीचा हात धरला आणि झटका बसल्यासारखा सोडला. परत धरला. "अहो, नुसतं हाड आहे हो!"

"का पण?" मामा म्हणाला. "मला धरलंय म्हणाले होते दाजी. की यादीत मीच नाही?"

"तू आहेस. चार डबे आहेत. दोनात दाढीचे रेझर. ह्या घरात दाढी करणारे दोन, तू आणि तुझे दाजी. उरलेले दोन ज्या बायकांना महिन्याचं सामान लागतं त्यांचे, म्हणजे तुझी बहीण आणि भाची. हवालदार लाजले नसते तर त्यांनाही दिसलं असतं." सुई सुपरवायझरपुढे जाऊन उभा राहिला. "पाचवा डबा कुठाय? दात नसलेल्या माणसाचा?"

सुपरवायझर कागदासारखा पांढरा पडला होता. "मी विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं! तीच म्हणाली, मला काही नको. मी... मी वहीत लिहिलं."

"काय लिहिलं?"

"शून्य."

"बाबा!" मुलगी किंचाळली.

"ती नेहमीच तसं म्हणते!" तो ओरडला, पण आवाज फाटला. "साडी घेऊ का म्हटलं तरी नको, डॉक्टरकडे नेऊ का तरी नको. मला काय माहीत..."

"साडीच्या वेळी ऐकत होतात का तिचं?"

सुईने उत्तराची वाट पाहिली नाही.

"नाही. जबरदस्तीने घेऊन द्यायचात. ह्याच वेळी बरं ऐकू आलं. जागा कमी होती, आणि शून्याने गुणाकार सोपा झाला."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बायको ताडकन उठली, खिडकीतून ओरडली, "काही न्यायचं नाहीये! जा!" आणि भावाकडे न बघताच म्हणाली, "तू बॅग सोड."

"त्याला बोलू नका रे," म्हातारी म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदा. "मीच म्हणाले होते ना, नको म्हणून. मग दारावरचा कागद वाचला. चार. राग नाही आला. भीती वाटली."

"उपाशी राहायची?" हवालदारांनी विचारलं.

"छे हो. उद्या खरंच दार बंद झालं आणि माल चौघांचाच निघाला, तर माझ्या लेकाला ठरवायला लागलं असतं, कुणाच्या ताटातलं काढून मला द्यायचं. नाहीतर द्यायचंच नाही. असलं ठरवायची वेळ पोटच्या पोरावर येऊ नये. म्हणून म्हटलं, आपलं आपण आत टाकून ठेवू. त्याला कळणारही नाही. हा महिन्याला मोजतो, हे कुठे ठाऊक होतं मला!"

सुपरवायझर खाली बसला. मग गळ्यातली चावी ओरबाडून काढत तो धडपडत उठला, कोठीकडे धावला, परत आला तो दोन्ही हातांत पाकिटं, बिस्किटं, दुधाचा डबा. "खा. आई, हे सगळं खा. आत्ता खा. माझ्यासमोर खा." तो पाकीट दातांनी फाडायला लागला.

सुईने त्याच्या हातातून ते हिसकावून घेतलं.

"एकदम नाही! मूर्खा, इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या पोटात एकदम ढकललंस तर मरेल ती!"

पाकीट फुटलं. ओट्स सगळ्या फरशीभर झाले. कुणी वाकलं नाही.

"चमचा-चमचा. पातळ," सुई बायकोला म्हणाला. "हवालदार, तुम्ही इथे बसा, ह्या माणसाला जवळ फिरकू देऊ नका." त्याने म्हातारीच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, मोजता-मोजता थांबला, पुन्हा मोजलं. चपला पायात सरकवत तो दारात पोचला.

"ठोके नीट नाहीत. डॉक्टर घेऊन येतो. बाकीचं नंतर बोलू, मला आत्ता निघायला पाहिजे."