नवव्या रात्री किको आला होता

किकोला त्या दिवशी खरं म्हणजे दोनच कामं होती. चार वाजता दुकानातून बर्फाच्या दोन पिशव्या घ्यायच्या आणि सात वाजता घरी पोचायचं. बर्फ त्यानं घेतला.

डोमिंगो काकांनी गोष्ट इथून सुरू केली. जेवणं आटोपली होती. बाहेरच्या चुलीतले निखारे राख पांघरून बसले होते. लग्न होऊन मी या घरात आल्याला दोन महिने झाले होते. म्हणजे लाल भाताचं पातेलं कुठं ठेवायचं हे कळायला लागलं होतं, कुठल्या विनोदाला हसायचं हे अजून कळत नव्हतं. मी पातेलं खरवडत कोपऱ्यात बसले.

"किको म्हणजे तो रेंजवाला?" बर्नीनं विचारलं. हा माझा चुलतदीर.

"तोच. शाळेत माझ्या शेजारी बसायचा. खोटं रचायला जी अक्कल लागते ती त्याला देवानं दिलेली नाही. म्हणून तर सांगतोय. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, अकरा तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा."

किको कामाला असलेली नेमबाजीची रेंज आमच्या बेटावरच्या तालोफोफो गावाच्या वर, जंगल कापून काढलेल्या एका लांब पट्टीत. एका टोकाला छप्पर आणि टेबलं, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध, बांधापुढं टांगलेली कागदी निशाणं. किनाऱ्यावरच्या तुमोनच्या हॉटेलांतून पाहुणे यायचे. आयुष्यात कधी बंदूक न धरलेली माणसं. सकाळी समुद्रात डुंबायचं, दुपारी खरेदी, संध्याकाळी गोळ्या झाडायच्या. किको त्यांच्या कानांवर कप चढवायचा, हातात पिस्तूल द्यायचा आणि त्यांच्या कोपरापाशी आपला हात तयार ठेवून मागं उभा राहायचा. बावीस वर्षं. तो म्हणायचा, धोका बंदुकीचा नसतो, फोटोचा असतो. माणूस भरलेलं पिस्तूल घेऊन बायकोकडं वळतो आणि विचारतो, "आला का छान?"

त्या महिन्यात किकोची आई गेली. रीतीप्रमाणं नऊ रात्री घरी रोझरी. सात वाजता प्रार्थना, मग आलेल्यांना जेवण. पण रेंजवर परवाना असलेला दुसरा माणूस पाठ धरून घरी झोपलेला. त्यामुळं रोज संध्याकाळी किको निघायचा आणि रोज फाटकातून पाहुण्यांची एक गाडी आत यायची. आठ रात्री अशाच गेल्या. त्याची बहीण म्हणाली, "आईच्या रोझरीला सगळं गाव येतं. आईचा मुलगा तेवढा कामात असतो."

आईच्या आजारपणातही त्यानं हेच केलं होतं. उद्या येतो, उद्या येतो. आता उद्या शिल्लक नव्हता. नववी रात्र चुकली की चुकली.

"मग सुट्टी घ्यायची ना," बर्नी म्हणाला.

"घेतली होती. मालक म्हणाला, पाचनंतर मोकळा. पाच वीसला भाड्याची गाडी आली."

गाडीतून उतरले नवरा-बायको. कोरियातले, नुकतं लग्न झालेले. त्याचं नाव सांगहुन, तिचं येजिन. दोघांच्या अंगात एकाच छापाचे शर्ट. किकोनं रोजचे दोन नियम सांगितले. नळी कायम बांधाकडं. आणि झाडीत पाय ठेवायचा नाही. ठेवायचाच असला तर आधी जुन्या माणसांना विचारायचं.

"कुठली जुनी माणसं?" सांगहुननं विचारलं.

"आपल्या आधीची. इथलीच."

सांगहुन हसला. सगळेच हसतात. किकोनं त्याला दहा गोळ्या दिल्या.

दहा झाल्या. कागद कोरा.

"कागद नीट टांगलाय ना?"

"नीट आहे, साहेब. श्वास सोडा, मग ओढा. झटका देऊ नका."

आणखी दहा. कागद कोरा. सांगहुननं पिस्तुलाच्या नळीत काहीतरी वाकडं असल्यासारखं पाहायला सुरुवात केली, किकोनं त्याचा हात खाली दाबला. आणखी दहा. बांधावरची माती उडाली, कागद हलला तो वाऱ्यानं.

"मी बघू?" येजिन म्हणाली.

तिनं दहा झाडल्या. सात कागदावर, त्यातल्या दोन मधल्या काळ्या वर्तुळात. मग शेजारणीचं उसनं भांडं परत करावं तसं पिस्तूल हळूच टेबलावर ठेवलं.

"माझ्या मते," काका म्हणाले, "लग्नानंतर पहिल्या पंधरवड्यात बाईनं हे करू नये."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पातेलं खरवडत राहिले. जेस, म्हणजे माझा नवरा, उगाच खोकला.

मग काय, सांगहुनला आणखी दहा हव्या झाल्या. किको म्हणाला, "साहेब, दिवस मावळला. बंद." तो म्हणाला, "शेवटच्या दहा." इतक्यात किकोच्या बायकोचा, लूर्देसचा फोन.

"निघालास?"

"निघालोच."

"काल पण निघालाच होतास."

साडेसहा. भांडण्यापेक्षा दहा गोळ्या लवकर संपतील म्हणून किकोनं त्या दिल्या. संपल्या. कागद कोरा. सांगहुननं कानांवरचे कप काढून टेबलावर आपटले आणि तरातरा छपराबाहेर गेला. किकोनं पिस्तुलं मोजून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला अडकवली. बर्फाच्या पिशव्यांतून पाणी ठिबकायला लागलं होतं.

बाहेर येजिन एकटी उभी.

"साहेब कुठं गेले?"

तिनं झाडीकडं बोट दाखवलं. "तिकडं गेला असेल. राग आला की तो चालत सुटतो."

किकोनं कपाळावर हात मारला. पाहुण्याला रात्री जंगलात टाकून जाता येत नाही. ही एकच गोष्ट मालकानं लिहून दिलेली नव्हती, पण त्याला माहीत होती. घर गाडीनं दहा मिनिटांवर. हातात वीस मिनिटं. तो झाडीत शिरला. सांगहुनच्या नावानं ओरडत, शिव्या घालत.

काका थांबले. कॅनमधला शेवटचा घोट घेतला.

"बावीस वर्षं," ते म्हणाले, "लघवीला जायचं असलं तरी किको आधी विचारायचा. आजी, आजोबा, तुमच्या अंगणातून जातोय, जाऊ द्या. आमच्याकडं याल तेव्हा तुम्हालाही कुणी अडवणार नाही. एवढंच म्हणायचं असतं. त्या दिवशी म्हणाला नाही."



चांदणं इतकं, की पायाखाली पडलेली गोळीची रिकामी पुंगळी दिसावी. किको हाका मारत दोन-अडीचशे पावलं आत गेला. मग वळला. मागं रेंजचा दिवा दिसत होता. पिवळा. झाडांच्या फटीतून. तो त्या दिव्याकडं चालायला लागला.

चालला.

चालतच राहिला.

दिवा तेवढाच लांब. एका वडापाशी आला. वडाला वळसा घालून पुढं गेला. दिवा समोर. पुन्हा वड. तोच. पारंबीला त्याच्याच शर्टाचा धागा.

पाय भरून आले. घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा. सांगहुनला हाक मारायचं त्यानं सोडून दिलं. मग त्याला आठवलं, आपण विचारलंच नाही. तो उभा राहिला. टोपी काढली.

"आजी... आजोबा..."

बोलता बोलता त्याचा बांध फुटला. आठ रात्रींचा. "जाऊ द्या म्हणतोय ना! सात वाजून गेले! आईची शेवटची रात्र आहे माझ्या! रोज कुणीतरी अडवतं मला. आज तुम्हीही? धरूनच ठेवायचं असेल, तर ठेवा. पण मग माझ्या जागी तुमच्यातलं कुणीतरी जा तिकडं!"

रातकिडे थांबले.

एकदम. सगळे.

मागं पाऊल वाजलं. किकोनं श्वास धरला. पुन्हा पाऊल. जड. पायाखालची जमीन जराशी दबली आणि वर आली... बेडकानं छाती फुगवावी तशी. तो हलला नाही. पाऊल त्याच्या डाव्या बाजूला आलं. तिथं चांदणं पडलं होतं. तिथं कुणी नव्हतं.

पाऊल त्याच्या पुढं गेलं.

उतारावर गेलं. रस्त्याकडं. गावाकडं.

किको खाली बसला. किती वेळ, त्याला सांगता आलं नाही. रातकिडे पुन्हा ओरडायला लागले तेव्हा त्यानं डोकं वर केलं. रेंजचं छप्पर समोरच. दहा पावलांवर.

नऊला वीस कमी होते.

गाडीचा आतला दिवा चालू होता. आत सांगहुन आणि येजिन. सांगहुन कधीचा गाडीत येऊन मागच्या सीटवर आडवा झाला होता, झाडीत गेलाच नव्हता. येजिननं काच खाली केली.

"अहो, कुठं गेला होतात? आम्ही किती हॉर्न वाजवला!"

किकोनं हॉर्न ऐकला नव्हता. फाटकाला कुलूप लावलं आणि घर गाठलं. वाटेत मनातल्या मनात माफी जुळवत होता. बहिणीची. लूर्देसची. आईची. एकही वाक्य पुरं होईना.

अंगणात ताडपत्रीखाली माणसं जेवत होती. बहीण धावत आली. किको म्हणाला, "हे बघ, माझं चुकलं..."

बहिणीनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि रडायला लागली. "आलास ते बरं केलंस. आईला बरं वाटलं असेल रे."

"अगं, मी आत्ता येतोय!"

"आता पुरे. प्रार्थना संपेपर्यंत बसलास, एवढं खूप झालं."

लूर्देसनं ताट आणून दिलं. "जेवायच्या आधीच उठून कुठं गेलास? एक शब्द बोलला नाहीस कुणाशी. आणि बर्फ कुठाय?"

किको ज्याला त्याला सांगत सुटला, मी नव्हतो, मी रेंजवर होतो. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. आई गेली की होतं असं, म्हणाले. आठ रात्री तो नव्हता तेव्हा सगळ्यांनी बोल लावले. नवव्या रात्रीही तो नव्हता, तर त्याला साधी माफी मागू देईनात. "पोरांनो," काका म्हणाले, "इतका चिडलेला माणूस मी अजून पाहिला नाही."

"म्हणजे काका, तुम्ही तिथं होतात?" जेसनं विचारलं.

"मी जेवत होतो."

"मग तुम्ही पाहिलात ना त्याला? प्रार्थनेत?"

काकांनी कॅन उचलला. रिकामा होता. खाली ठेवला.

"मागच्या रांगेत. पाठमोरा... मला वाटलं किकोच."

शेवटी किको देल्फिना आत्यापाशी गेला. त्याच्या आईची थोरली नणंद, ब्याण्णव वर्षांची. गावात तिच्याहून वडील कुणी उरलेलं नाही. आपण वडीलधाऱ्यांसमोर वाकतो, त्यांनी पुढं केलेला हात नाकाला लावतो, तसा तो वाकला.

आत्यानं हात मागं घेतला.

"आता कशाला?" ती म्हणाली. "मघाशी तूच तुझा हात माझ्यापुढं धरलास."

"मी?"

"हो. मी बसल्ये, तू उभा. आणि हात असा पुढं. लहानापुढं धरावा तसा."

"मग तू काय केलंस, आत्या?"



"वाकले," ती म्हणाली. "नाकाला लावला."

"...का?"

"तो मोठा होता ना."

बर्नी काहीतरी विनोद करणार होता. त्याचं तोंड उघडलं होतं. मग त्यानं ते मिटलं.

"माणसं गेल्यावर आम्ही दोघंतिघं भाड्याच्या खुर्च्या गोळा करायला लागलो," काका म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "पांढऱ्या, प्लास्टिकच्या. मागच्या रांगेतली एक उचलेना. मी ओढली. किकोनं ओढली. मग टॉर्च आणला. चारी पाय जमिनीत गेले होते. मातीत नव्हे रे. सिमेंटच्या कोब्यात. वीतभर. कोब्याला चीर नाही. खुर्चीला तडा नाही."

काका निखाऱ्यांवर पाणी ओतून झोपायला गेले.

मी नव्या घरातली, त्यामुळं डबे पोचवायचं काम माझ्याकडं. रविवारी लूर्देसकाकूंकडं पानात भाजलेली मासळी घेऊन गेले. किको अंगणात बसून कानांवरचे कप पुसत होता. मी काही विचारलं नव्हतं. त्यानंच वर पाहिलं.

"डोमिंगोनं सांगितलं वाटतं," तो म्हणाला. "आता तू तरी सांग लोकांना. मी त्या रात्री आलो नव्हतो."

काकू आतून ओरडल्या, "पुन्हा तेच नको हं!"

किकोनं मान हलवली आणि बोटानं अंगणाचा मागचा कोपरा दाखवला. खुर्ची करवतीनं कापून काढावी लागली होती. कोब्यात प्लास्टिकचे चार पांढरे तुकडे जमिनीच्या अगदी पातळीला उरले होते, कुणीतरी बसवून लिंपल्यासारखे. सकाळचा झाडू त्यांच्यावरून फिरून गेला होता.