उतारावरच्या दोन रेघा

भल्या पहाटे शाळेमागच्या उतारावर कुणीतरी उताणं पडलं होतं. दोन्ही पाय वर, पायांतल्या स्की एकमेकींत अडकलेल्या, आणि हात आभाळाला काहीतरी समजावून सांगत असल्यासारखे.

कोझुए स्कीवाल्यांना वर नेणारी लिफ्ट सुरू करण्याआधी उतारावरून एक फेरी मारायला निघाली होती. ती अलगद वळणं घेत खाली आली आणि त्याच्यापाशी थांबली.

"लागलंय का?"

"नाही. विचार करतोय."

"कसला?"

"उठावं… की वसंत येईपर्यंत इथंच पडून राहावं."

कोझुएनं हसू ओठांतच दाबलं. चेहरा ओळखीचा होता. ओकिनावाकडच्या, बर्फ न पडणाऱ्या कुठल्याशा बेटावरून प्राथमिक शाळेत एका बाईंच्या रजेपुरते आलेले तोमारी सर. ओनुमा गावात दुसरीच्या मुलांना स्की शिकवायला वर्गशिक्षकच उभा राहतो. आणि या माणसानं म्हणे मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, 'थोडंफार येतं.'

"थोडंफार म्हणजे किती?" तिनं विचारलं.

"चित्रं पाहिली आहेत."

"बरं. डोंगराकडे कुशीवर वळा. स्की उताराला आडव्या करा. आता हात टेकून उठा."

तो उठला, डुगडुगला, आणि तिच्या बाहीला घट्ट धरून उभा राहिला. "मुलांना सांगू नका," तो हळूच म्हणाला.

"मग रोज शाळेआधी या. आणि काठ्या घरी ठेवा. त्या हातात असल्या की माणूस पायांना विसरतो."

तो येऊ लागला. कोझुए त्याचे दोन्ही हात धरून स्वतः उलटी घसरत त्याला उतरवायची. ती या उतारावर लहानाची मोठी झाली होती, तिला मागे पाहावं लागत नसे.

"पुढची टोकं जवळ, टाचा लांब. भाताचा तिकोनी मुटका करतो ना, तसा आकार… हं. अजून थोडा रुंद."

"माझा मुटका फुटतोय."

"गुडघे वाका, नाही फुटणार. आणि पायांकडे काय बघता? मान वर, दरीकडे बघा. जिकडे बघाल तिकडेच स्की जाते."

त्यानं मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. मग तो खरोखरच सरळ तिच्यावर आला, आणि दोघंही भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत रुतले.

"तुम्हीच म्हणालात," तो म्हणाला.

"मी दरीकडे बघा म्हणाले."

"दरीच्या आड तुम्ही होतात."

तिच्या पापण्यांवर बर्फ साचला होता. तो पुसायला त्यानं हात उचलला… आणि मध्येच थांबवला.

"तुमच्या पापणीवर—"

"वितळेल," ती म्हणाली. गाल का तापलेत, ते तिचं तिलाच कळेना.

एके सकाळी तिनं त्याचे हात सोडले. "बाहेरच्या पायावर भार द्या. घाई नको." तो एकटा वळला, पुन्हा वळला, आणि तिच्या शेजारी येऊन आपणहून थांबला. दोघं मधल्या टेकाडापाशी तसेच उभे राहिले. डोंगरामागून ऊन आलं, देवदारांवरचा बर्फ गुलाबी झाला.

"ज्यांची ही जागा आहे त्या बाई मार्चअखेर रुजू होताहेत," तो म्हणाला. "आई म्हणते, घरी ये. ओनुमाच्या शाळेतही दुसरी एक जागा रिकामी आहे. पण इथं राहायचं तर…" तो अडखळला.

"इथं कोण राहतं?" कोझुए घाईघाईनं म्हणाली. "दक्षिणेकडची माणसं येतात, बर्फाचे फोटो काढतात आणि जातात. तुम्हीही जा. आईला बरं वाटेल."

तिला ते हसत म्हणायचं होतं. तसं ते निघालं नाही. तो स्कीची टोकं वळवत म्हणाला, "बरं."

त्या दिवशी न्याहारीला तिचे बाबा, गेन्पेई, लोणच्याची फोड चघळत खिडकीबाहेर बघत होते. उतारावरची स्कीशाळा त्यांचीच होती.

"सर सुधारले," ते म्हणाले.

"कोणते सर?"

"बर्फ वाचता येतो गं मला. रोज दोन रेघा असतात, एक सुतासारखी आणि एक नागमोडी. सगळं गाव बघतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आज मधल्या टेकाडापाशी दोघी थांबल्यात. बराच वेळ थांबल्यात, खालचा बर्फ दबलाय. आणि तिथं कुणी पडलेलं नाही. मग थांबलात कशाला?"

कोझुए भाताच्या वाडग्यात तोंड खुपसून बसली.

मुलांचा स्कीचा दिवस झकास पार पडला. तोमारी सर पुढे, मागे बदकांच्या पिल्लांसारखी दुसरीची रांग. शेवटी ते एकदा धडपडले तेव्हा पोरं एका सुरात ओरडली, "सर, डोंगराकडे कुशीवर वळा." आयाबाया पदराआड हसाव्यात तशा मफलरांआड हसल्या. कोझुए लांबूनच टाळ्या वाजवत होती. शिकवणी संपली होती. आता पहाटे उठायला काही कारण उरलं नव्हतं.

ती उठली नाही; उतारावरची फेरीही बाबांवर सोडली. दुसऱ्या दिवशी नाही, त्यापुढेही नाही. लिफ्टच्या खोलीत दोऱ्या नीट गुंडाळल्या, त्या सोडून पुन्हा गुंडाळल्या. शेवटी बाबाच दारात येऊन उभे राहिले.

"तिकडं रोज एक रेघ पडतेय," ते म्हणाले. "एकटीच. नागमोडी."

"सराव करत असतील."

"टेकाडापाशी थांबते. रोज." बाबांनी टोपी कानांवर ओढली. "मी म्हातारा झालो, पण एवढं वाचता येतं. तुला येत नसेल तर कठीण आहे."

पुढच्या पहाटे ती वर गेली. तो टेकाडापाशी उभा होता, हातमोजे काखेत धरून बोटांवर फुंकर घालत.

"सर, तुम्हाला आता सगळं येतं," ती म्हणाली. "मग इथं कशाला थांबता?"

"त्या दिवशी वाक्य अर्धवट राहिलं होतं. ते पूर्ण करायला."

"मग केलं का नाहीत?"

"तुम्ही जा म्हणालात."

तिनं खाली बघितलं, मग मान वर केली. आयुष्यभर ती लोकांना वळायला, थांबायला, उठायला सांगत आली होती. एवढे साधे दोन शब्द तिला कधीच इतके जड गेले नव्हते.

"जाऊ नका," ती म्हणाली. "मला… तुम्ही हवे आहात. इथं."

तो हातमोजे चढवू लागला. मग सावकाश श्वास सोडून म्हणाला, "आईला मी तुमच्याबद्दल सांगून टाकलंय. ती म्हणाली, मुलगी हो म्हणेपर्यंत खोलीचं भाडं भरत राहा, उगाच परत येऊन तोंड पाडून बसू नकोस."

"म्हणजे मी हो म्हणणार हे त्यांनी गृहीतच धरलं?"

"तिनं धरलं होतं. मला धीर होत नव्हता." तो घुटमळला. "इथली जागा मात्र काल भरली. आता जागा आहे ती घाटापलीकडच्या शाळेत. रोज गाडीनं येणं-जाणं करेन."

"बर्फात गाडी चालवता येते?"

तो जरा विचारात पडला. "थोडंफार."

कोझुए इतकी हसली की तिला त्याच्या खांद्यावर कपाळ टेकावं लागलं. त्यानं हळूच हात तिच्या पाठीवर ठेवला आणि या वेळी तो मध्येच थांबवला नाही. खाली लिफ्टच्या खोलीच्या धुराड्यातून धूर निघू लागला होता. बाबांनी चहाचं आधण ठेवलं होतं, बहुतेक तिघांचं.